डोळ्यांच्या विभागात रेसिडेन्सी सुरू करताय? तीन वर्षांची वाट, टप्प्याटप्प्यानं

नीट-पीजीचा निकाल लागला, कौन्सेलिंगच्या फेऱ्या संपल्या आणि हातात ऑप्थॅल्मॉलॉजीची सीट आली, की सीनियरला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कटिंग किती मिळतं?" म्हणजे स्वतःच्या हातानं किती शस्त्रक्रिया करायला मिळतात. प्रश्न रास्त आहे, विचारायलाच हवा. पण माझं मत विचाराल तर केसेसच्या आकड्यावरून नेत्रतज्ज्ञ घडत नाही. आपण हात लावलेल्या प्रत्येक डोळ्याचं पुढे काय झालं याचा जो माग ठेवतो, त्याचाच हात सुधारतो. खालचं सगळं मी त्याच हिशोबानं लिहिलं आहे.

सीट निवडताना

एमएस (मेडिकल कॉलेजची पदवी) आणि डीएनबी (एनबीईएमएस या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी), दोन्ही तीन वर्षांचे. एनबीईएमएसचा दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. तो केल्यावर पुढे दोन वर्षांची सेकंडरी डीएनबी करता येते. महाराष्ट्रातली सरकारी आणि महापालिकेची जुनी कॉलेजं (मुंबईत जे. जे., केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, मिरज, नागपुरात मेडिकल आणि मेयो) यांचं बळ म्हणजे पेशंट. पहिल्या महिन्यातच तुम्हाला असे डोळे दिसतील, जे खासगी दवाखान्यात वर्षभरात दिसणार नाहीत. पुण्याचं एच. व्ही. देसाई किंवा मदुराईचं अरविंद यांसारख्या नेत्र रुग्णालयांचं बळ निराळं असतं. तिथे कामाची शिस्त बसलेली असते आणि प्रत्येक उपशाखेचा विभाग स्वतंत्र असतो.

कुठेही गेलात तरी माहिती तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटकडूनच घ्या. त्यांना नेमकं विचारा. स्वतंत्रपणे एसआयसीएस (छोट्या चिरेतून हातानं केलेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया) कधीपासून करू देतात? ओटीतल्या मायक्रोस्कोपला असिस्टंट स्कोप आहे का? फेको मशीनवर (मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेणारं यंत्र) रेसिडेंटला बसवतात का? आयबँक (नेत्रपेढी) चालू आहे का? रेटिनाचे (डोळ्याच्या मागच्या पडद्याचे) पेशंट इथेच बघतात की पुढे पाठवतात? पाचांपैकी तीन उत्तरं चांगली आली तरी सीट घ्यायला हरकत नाही.

पहिला महिना

स्वतःचा स्ट्रीक रेटिनोस्कोप (चष्म्याचा नंबर काढायचं उपकरण), पडदा बघायची २० डी आणि ९० डी अशी दोन भिंगं, आणि एक चांगला टॉर्च एवढं विकत घ्या. विभागाची उपकरणं असतात, पण रात्री अडीच वाजता ती कोणत्या कपाटात आहेत आणि किल्ली कुणाकडे आहे, हे शोधत बसायची वेळ येऊ नये. इनडायरेक्ट (डोक्याला लावून पडदा बघायचं उपकरण) महाग असतो, त्याची घाई नको.

ओपीडीतल्या सिस्टर, ओटीतल्या मावशी आणि मामा, रिफ्रॅक्शनला बसणारे ऑप्टोमेट्रिस्ट ही माणसं तुमच्या आधीपासून तिथे आहेत आणि तुम्ही गेल्यावरही असणार आहेत. कोणत्या सरांना कोणता फोर्सेप्स लागतो, ऑटोक्लेव्हचं इंडिकेटर कसं वाचायचं, कॅम्पच्या पेशंटची फाईल कशी लावायची हे सगळं त्यांच्याकडून शिका.

ओपीडी: दृष्टी आणि चष्मा

स्नेलेनचा तक्ता ६ मीटरवर, एकेक डोळा झाकून, आधी चष्म्याशिवाय आणि मग चष्म्यासह. पिनहोलनं दृष्टी सुधारते का हे लिहिल्याशिवाय केसपेपर पुढे सरकवू नका. ६/६० सुद्धा वाचता आलं नाही तर बोटं किती अंतरावरून मोजता येतात, तेही नाही तर हात हलताना दिसतो का, आणि तेही नाही तर प्रकाश जाणवतो का आणि कोणत्या दिशेनं येतोय हे कळतं का, या क्रमानं जा. पिकलेल्या मोतीबिंदूत चारही दिशांचा प्रकाश नीट ओळखता येत नसेल, तर मागे पडद्याचं किंवा नसेचं काही आहे असं धरून चाला आणि बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) करा. नातेवाइकांना शस्त्रक्रियेआधीच तसं सांगून ठेवा.

रेटिनोस्कोपी कंटाळवाणी वाटते म्हणून बरेच जण ऑटोरिफ्रॅक्टोमीटरच्या चिठ्ठीवर भागवतात. तसं करू नका. पहिले सहा महिने रोज स्वतःच्या हातानं रेटिनोस्कोपी करा आणि नंतर चिठ्ठीशी ताडून बघा. ६६ सेंटिमीटरवरून बघत असाल तर दीड डायॉप्टर वजा, एक मीटरवरून असाल तर एक. लहान मुलांत अ‍ॅट्रोपिन घातलं असेल तर त्याचा आणखी एक डायॉप्टर वजा करायचा. हलणाऱ्या, रडणाऱ्या मुलाच्या डोळ्यात मशीन चुकतं, तिथे तुमचा हात लागतो.

जवळचा चष्मा देताना वय बघून नंबर टाकू नका. आजी तांदूळ निवडतात की पोथी वाचतात, काका शिवणकाम करतात की दुकानात गल्ल्यावर बसतात हे विचारा. मशीनवर बसणाऱ्या शिंप्याचं कापड आणि मांडीवर घेतलेली पोथी एकाच अंतरावर नसतात. ट्रायल फ्रेम घालून तेच काम त्यांना करून बघायला लावा. "नवीन चष्मा जमत नाही" म्हणून परत येणारे कितीतरी पेशंट एवढ्यानं कमी होतात.

स्लिट लॅम्प आणि पडदा

थेंब घालून बाहुली मोठी करण्याआधी तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत: बाहुलीची प्रकाशाला प्रतिक्रिया, डोळ्याचा दाब, आणि पुढचा कप्पा उथळ आहे का. बाहुली एकदा मोठी झाली की आरएपीडी (दोन डोळ्यांच्या बाहुल्यांच्या प्रतिक्रियेतला फरक) बघता येत नाही. नसेचा आजार हाताखालून निसटतो तो इथेच. अरुंद कोन असलेल्या डोळ्यात थेंब घातले तर काचबिंदूचा तीव्र झटका तुम्हीच आणलेला असेल.

स्लिट लॅम्पवर क्रम बदलू नका. पापण्या, नेत्रश्लेष्मला (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण), बुबुळ (इथे आणि पुढे सगळीकडे कॉर्निया), पुढचा कप्पा, बाहुली, भिंग, मग मागे. तक्रार कोणतीही असो, क्रम हाच. पंचेचाळीस अंशांवरचा बारीक प्रकाश, मग रुंद, मग कोबाल्ट निळा. मोतीबिंदूला आलेल्या पेशंटच्या पापणीच्या कडेला खपल्या असतील किंवा अश्रुपिशवी दाबल्यावर पू येत असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकला. हा शोध ओपीडीत लागला तर डोळा वाचतो.

इनडायरेक्टचं चित्र उलटं असतं, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. मनातल्या मनात उलटवत बसू नका. पेशंटला झोपवा, फंडसचा कागद उलटा धरा, बाराचा आकडा पेशंटच्या पायांकडे, आणि दिसेल ते दिसेल तिथे काढा. रोहिणी लाल, नीला निळ्या, सुटलेला पडदा निळा, पडद्यातलं छिद्र लाल आणि कडेनं निळी रेघ. आठवड्याला दोन-तीन चित्रं काढलीत तरी वर्षभरात डोळा तयार होतो. पुढे परीक्षेतही हीच चित्रं काढायची असतात.

इमर्जन्सी

या भागात तुम्ही एकटे असता, म्हणून थोडं सविस्तर.

चुना. महाराष्ट्रात डोळ्यांच्या कॉलवर राहिलात की ही केस येणारच. घरातली चुन्याची पुडी किंवा डबी लहान मुलानं दाबली आणि चुना डोळ्यात उडाला. अशा वेळी केसपेपर, दृष्टी, नाव, वय सगळं नंतर. आधी बधिरतेचा थेंब टाका आणि सलाईन किंवा रिंगर लॅक्टेटचा सेट लावून धुवायला लागा, कमीत कमी अर्धा तास. वरची पापणी एकदा उलटून भागत नाही, डेस्मारे रिट्रॅक्टरनं दुसऱ्यांदा उलटा. चुन्याचे कण वरच्या खाचेत चिकटून बसतात आणि तासन्‌तास विरघळत राहतात. कापसाच्या काडीनं, फोर्सेप्सनं एकेक कण काढा. धुणं थांबवून पाच-दहा मिनिटांनी लिटमस कागद खाचेत लावा. पीएच सातच्या आसपास टिकला नाही तर पुन्हा धुवा. मूल हातात ठरत नसेल तर भूलतज्ज्ञांना बोलवा, पण धुतल्याशिवाय सकाळची वाट बघू नका. बुबुळाची कड किती पांढरी पडली आहे हे लिहा. पुढचं भवितव्य त्यावरच ठरतं.

उसाचं पातं. तोडणीच्या हंगामात बुबुळावर जखम घेऊन येणारे बरेच ऊसतोड कामगार आठवडाभर काहीतरी थेंब घालून मगच येतात. तो थेंब बघायला मागा. बाटली घरी असेल तर फोनवर फोटो मागवा, कारण त्यात डेक्सामेथासोन असेल तर बुरशी आत पसरलेली असू शकते. कडा पिसासारख्या, पृष्ठभाग कोरडा, शेजारी छोटे ठिपके दिसले की बुरशीचा संशय धरा. त्याच रात्री खरवडून १० टक्के केओएचवर (पोटॅशियम हायड्रॉक्साईड) आणि ग्रॅम स्टेनवर स्लाईड बघा. मायक्रोबायोलॉजीचा रिपोर्ट येईल तेव्हा येईल, तंतू तुम्हाला स्वतःला ओळखता आले पाहिजेत. नॅटामायसिन ५ टक्के सुरू करा आणि स्टेरॉईड कटाक्षानं टाळा. लवकर बरं वाटावं म्हणून दिलेल्या स्टेरॉईडनं फुटलेली बुबुळं प्रत्येक मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात बघायला मिळतात, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरात कमावणारं माणूस तेच असतं.

छिन्नी-हातोड्याचं काम करताना "काहीतरी उडालं" असं पेशंट म्हणाला, तर दृष्टी ६/६ असली तरी आत धातूचा कण आहे असं धरून एक्स-रे किंवा सीटी करा. एमआरआय करायचा नाही. डोळा फुटला असल्याचा नुसता संशय जरी असला तरी दाबून बघायचं नाही, पट्टी आवळायची नाही, मलम लावायचं नाही. वर कडक शील्ड लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करा, शेवटचं कधी खाल्लं ते लिहा आणि सीनियरला फोन करा.

मेडिसिनच्या वॉर्डातून कॉल येईल: आजी, डोकं दुखतंय, उलट्या होतायत, सीटी नॉर्मल. टॉर्च लावा. डोळा लाल, बुबुळ धुरकट, बाहुली अर्धवट मोठी आणि हलत नाही, बोटांनी डोळा दगडासारखा लागतो. हा कोन बंद होऊन आलेला काचबिंदू. रक्तदाब, हृदय, किडनी बघून मॅनिटॉल, अ‍ॅसिटाझोलमाईड, थेंब. दाब उतरून बुबुळ स्वच्छ झाल्यावर लेझर इरिडॉटॉमी. दुसऱ्या डोळ्यालाही तेवढीच गरज असते, ते विसरू नका.

मारामारीच्या केसेसमध्ये तुमची नोंद कोर्टात जाते. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापतीत मोडतं. म्हणून पहिल्या रात्रीची दृष्टी, चष्मा होता की नाही आणि जुनी जखम किंवा जुनं फूल (बुबुळावरचा पांढरा डाग) होतं का, हे स्पष्ट अक्षरात लिहून खाली वेळ टाका.

नेत्रदानाचा कॉल

मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत बुबुळ घ्यायचं असतं. फोन आला की निघण्याआधीच नातेवाइकांना सांगा: पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. पोचल्यावर घाईनं फॉर्म पुढे करू नका. आधी कोण गेलं, नातं काय ते विचारा, मग संमती घ्या. चेहरा विद्रूप होत नाही, याची खात्री त्यांना हवी असते. मृत्यूचं कारण नीट तपासा. रेबीज, एचआयव्ही, कावीळ, सेप्सिस किंवा कारण अज्ञात असेल तर ते बुबुळ रोपणाला चालत नाही. रक्ताचा नमुना घ्यायला विसरू नका. मला विचाराल तर रेसिडेन्सीतलं सगळ्यात जबाबदारीचं बोलणं हेच आहे, आणि ते सीनियरच्या शेजारी उभं राहून ऐकूनच शिकता येतं.

हात तयार करणं

मटणाच्या दुकानात सकाळी लवकर सांगून ठेवलं तर बोकडाचे ताजे डोळे मिळतात. ओल्या गॉजमध्ये गुंडाळून बर्फाच्या डब्यातून आणा. दुपार झाली की बुबुळ सुजून धुरकट होतं आणि आतलं काही दिसत नाही. थर्माकोलमध्ये खळगा करून डोळा टाचण्यांनी बसवा, मऊ पडला असेल तर मागून थोडं सलाईन भरा. १०-० नायलॉननं तीन-एक-एक गाठ, गाठ आत दडवणं, टाक्यांची खोली सारखी ठेवणं याचा सराव यावर होतो. कॅप्सुलोरेक्सिससाठी (भिंगाच्या पुढच्या आवरणाला गोल छेद देणं) बोकडाचं आवरण फार ताणलं जातं, त्यामुळे सुरुवातीला टोमॅटोच्या सालीवर हात फिरवा.

मायक्रोस्कोपवर बसण्याआधी खुर्चीची उंची, डोळ्यांमधलं अंतर, आयपीसचा नंबर, पायाखालचं पेडल या क्रमानं लावा. जास्त झूमवर फोकस करून मग झूम कमी करा. खुर्ची चुकली की मान दुखते, मान दुखली की हात थरथरतो.

माझा आग्रह आहे की आधी एसआयसीएस पक्की करा, फेको नंतर. आपल्याकडे कॅम्पमधून येणारे मोतीबिंदू तपकिरी, कडक किंवा पांढरेशुभ्र असतात. फेको अर्ध्यावर अडकली की टनेल (डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत जाणारा बोगदा) करून भिंग बाहेर काढता आलंच पाहिजे. एसआयसीएस ज्यांना येत नाही, ते त्या क्षणी अडचणीत येतात.

शिकायचा क्रम मात्र शस्त्रक्रियेच्या क्रमानं नसतो. आधी पेरिबल्बर ब्लॉक (डोळ्याभोवती बधिरतेचं इंजेक्शन), तोही अक्षीय लांबी (डोळ्याची पुढून मागे लांबी) बघूनच, कारण मोठ्या मायोपियाच्या डोळ्यात सुई आत जाण्याचा धोका असतो. मग ब्रायडल सूचर (डोळा स्थिर धरायचा टाका), नंतर शेवटच्या पायऱ्या: भिंग बसवणं, सिमको कॅन्युलानं उरलेला कॉर्टेक्स काढणं. टनेल आणि रेक्सिस त्यानंतर.

टनेलची खोली हातानं कळते, पण आधी डोळ्यानं कळते. लिंबसच्या (बुबुळाची कड) दीड-दोन मिलिमीटर मागे, साडेसहा मिलिमीटरच्या आसपास, टोकं लिंबसपासून दूर वळलेली चीर, स्क्लेराच्या (डोळ्याचा पांढरा भाग) निम्म्या जाडीपर्यंत. आता क्रेसेंट (टनेल करायची सुरी) आत सरकवताना त्याच्या पात्याकडे बघा. पातं स्क्लेरातून अंधुक दिसत राहिलं पाहिजे. लख्ख चमकायला लागलं तर वरचा पापुद्रा फार पातळ झालाय आणि भोक पडणार. अजिबात दिसेनासं झालं तर तुम्ही खोल चालला आहात आणि वेळेआधीच आत शिराल, मग आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) बाहेर डोकावेल. स्वच्छ बुबुळात एक-दीड मिलिमीटर आत गेल्यावरच केराटोमनं (टोकदार सुरी) प्रवेश करा.

भिंगाचं मागचं आवरण फाटलं (पीसीआर) की नवशिक्याचा हात दचकून बाहेर येतो. नेमकं तेच करायचं नाही. हत्यार आत असताना कप्पा टिकून असतो, ते काढलं की कप्पा बसतो आणि व्हिट्रियस (डोळ्याच्या मागच्या भागातलं जेलीसारखं द्रव्य) पुढे येतं. हात थांबवा, सिंचन बंद करा, साईड पोर्टमधून (बाजूच्या छोट्या छिद्रातून) व्हिस्को (कप्पा फुगवून ठेवणारं घट्ट द्रव्य) भरा, मग हत्यार सावकाश काढा आणि त्याच क्षणी मोठ्यानं सांगा: "सर, पीसीआर." लपवलेला पीसीआर पेशंटला महाग पडतो. सीनियर रागावले तरी ते दोन मिनिटांचं असतं.

शस्त्रक्रियेनंतर

पहिल्या दिवशी पट्टी काढताना दृष्टी, टनेल, बुबुळाची सूज, कप्प्यातल्या पेशी, दाब आणि भिंगाची जागा बघा. वेदना वाढत असतील, दृष्टी घटत असेल किंवा कप्प्यात पू साचला असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत एंडोफ्थॅल्मायटिस (डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग) समजा. डोळ्याच्या आत टोचायचं व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलिटरमध्ये, हे डायल्यूशन भिंतीवर लिहून ठेवा, रात्री डोकं चालत नाही. त्या दिवशीच्या शस्त्रक्रियांच्या यादीतल्या बाकीच्या पेशंटनाही लगेच तपासा, आणि व्हिस्को, द्रव, भिंगाचे बॅच नंबर बाजूला काढा.

एक साधी वही करा. प्रत्येक केसची तारीख, मोतीबिंदूचा प्रकार, तुम्ही केलेल्या पायऱ्या, काय बिघडलं, पहिल्या दिवसाची दृष्टी, सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय आणि चष्म्यासह दृष्टी. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना निकष असा: शस्त्रक्रियेनंतर आहे त्या दृष्टीत (पेशंट वापरत असेल तो चष्मा लावून, नसेल तर तसंच) किमान ८० टक्के डोळे ६/१८ किंवा त्याहून चांगले, आणि ६/६० पेक्षा वाईट ५ टक्क्यांपेक्षा कमी. आपली टक्केवारी काढून बघा. अपेक्षेपेक्षा नंबर जास्त राहत असेल तर टनेलपेक्षा बायोमेट्रीकडे (भिंगाचा नंबर ठरवायची मोजमापं) आधी बघा. अक्षीय लांबीत एक मिलिमीटर चुकलं तर साधारण अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो, आणि ए-स्कॅनचा प्रोब बुबुळावर दाबला की ती चूक होते. पेशंट सहा आठवड्यांनी येत नसेल तर गावच्या आशाताईंना फोन करा. माझ्या मते रेसिडेंटनं विभागासाठी केलेलं हे सगळ्यात उपयोगी काम.

थिसिस, डीआरपी आणि बाकीचं

थिसिसचा विषय आपल्या ओपीडीत रोज येणाऱ्या आजाराचा आणि विभागात चालू असलेल्या उपकरणावरचा घ्या. बंद पडलेल्या ओसीटीवर (पडद्याच्या थरांचं चित्र काढणारं यंत्र) सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिला की दीड वर्ष दुरुस्तीची वाट बघण्यात जातं. एथिक्स कमिटीच्या बैठकीची तारीख पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा. रिसर्च मेथडॉलॉजीचा कोर्स, बीसीएलएस (जीवरक्षक प्राथमिक उपचारांचा कोर्स), कॉन्फरन्समध्ये पेपर किंवा पोस्टर हे लवकरात लवकर उरका.

डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे (डीआरपी) तीन महिने सुट्टीसारखे घालवू नका. जिल्हा रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांबरोबर शाळातपासणीला आणि कॅम्पला जा. नवजात कक्षात आरओपी (मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या पडद्याचा आजार) बघायची संधी असेल तर सोडू नका. ३४ आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ तिसाव्या दिवसाच्या आत एकदा तपासलं गेलंच पाहिजे, त्याहून लहान बाळं आणखी लवकर. उशीर झाला तर बाळाची दृष्टी कायमची जाऊ शकते.

तिसरं वर्ष आणि नंतर

चार लेखी पेपर, लाँग केस, शॉर्ट केसेस, व्हायवा. केस मांडण्याचा सराव दुसऱ्या वर्षापासून ज्युनिअरना शिकवून करा. तिरळेपणा आणि न्यूरो यांना सगळे घाबरतात, म्हणून ओपीडीत असा पेशंट आला की केसपेपर स्वतःकडे ओढा.

सरकारी कॉलेजच्या बंधपत्रित सेवेत एखादं उपजिल्हा रुग्णालय वाट्याला आलं, तर पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया लावू नका. मायक्रोस्कोपचा दिवा, ऑटोक्लेव्ह, इंट्राव्हिट्रियलची (डोळ्याच्या आत टोचायची) औषधं, व्हिट्रेक्टमी कटर (पुढे आलेलं व्हिट्रियस कापायचं हत्यार) आहे का ते बघा, आणि सगळ्यात जवळचे रेटिना सर्जन कोण, त्यांचा नंबर घ्या. मग नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांबरोबर बसून मोतीबिंदूची यादी लावा: दोन्ही डोळ्यांनी न दिसणारे आधी, त्यातही एकटे राहणारे सगळ्यात आधी.